भुसावळपर्यंतची पाठराखीण

दाखला देण्यात येतो की, श्रीमती बायनाबाई पि. लिंबाजी, वय अंदाजे त्रेसष्ट वर्षे, धंदा घरकाम व शेळ्या, राहणार मौजे करपेवाडी, ता. जाफराबाद, जि. जालना, ह्या सदर गावच्या कायमच्या रहिवासी असून आमच्या माहितीप्रमाणे त्यांची वर्तणूक चांगली आहे. सदर महिला ह्या चि. सौ. कां. अंजू सुग्रीव यांच्या पाठराखीण असून, वधूसोबत सासरी जाणे व वधूस सोबत घेऊन माहेरी परत येणे हे काम त्या गेली चाळीस वर्षे विनातक्रार करीत आहेत. सदर महिला आजतागायत एकट्याने कोठेही गेलेल्या अगर आलेल्या नाहीत. तरी त्यांचे नाव सोबत जोडलेल्या रेल्वे तिकिटावर चढवून घेण्यास ग्रामपंचायतीची काहीएक हरकत नाही. सबब दाखला दिला असे.

खाली गोल शिक्का, सही आणि जावक क्रमांक.

हा दाखला रेल्वेने मागितला नव्हता. असा दाखला असू शकतो हे रेल्वेला माहीत नाही, आणि तो देणाऱ्या ग्रामपंचायतीलाही आदल्या दिवशीपर्यंत माहीत नव्हतं. पण सुग्रीवने मागितला, आणि संगणकात रहिवासी दाखल्याचा नमुना तयारच होता. मधे चार ओळी घालायला कितीसा वेळ लागणार. एकच अडचण आली. नमुन्यात बाईच्या नावापुढे आपोआप ‘भ्र.’ येतं, म्हणजे भ्रतार, आणि त्यापुढे नवऱ्याचं नाव टाकायचं असतं. सुग्रीव म्हणाला, "आत्याचं तसलं काई न्हाई. बापाचं टाका." मग ‘भ्र.’ काढून ‘पि.’ करण्यात आलं, आणि लिंबाजीला मरून तीस वर्षं झाली होती तरी त्याची लेक कागदोपत्री पुन्हा त्याच्या घरी गेली. खरी गोष्ट अशी की ती तिथून फारशी कधी हललीच नव्हती.

लिंबाजीपर्यंत हे घर मेंढरांमागे फिरायचं. पुढे मेंढरं गेली, माळावरची थोडी जमीन आणि दहा-बारा शेळ्या राहिल्या. घरात थोरला भाऊ रायभान, त्याचा मुलगा सुग्रीव, सुग्रीवची लेक अंजू, आणि कोपऱ्यातल्या खोलीत बायनाबाई. गावात तिला कोणी नावाने ओळखत नाही असं नाही, पण लग्न ठरलं की लोक म्हणतात, "पाठराखिणीला सांगितलं का?" आणि सांगायला बायनाबाईकडे येतात.

पाठराखीण म्हणजे नव्या नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जाणारी थोराड बाई. दोन-तीन दिवस राहायचं आणि नवरीला माहेरपणाला घेऊन परत यायचं. तिला साडी मिळते, बसायला पाट मिळतो, आणि काम असं काही सांगितलेलं नसतं. बहुतेक पाठराखिणी जेवतात, झोपतात आणि परत येतात. नवऱ्याकडे न नांदलेली बाई असल्या मानाच्या कामाला खरं तर चालत नाही. पण बाकीच्या बायांना घर असतं, म्हशी असतात, नवरा उपाशी राहतो. जिची घरी कोणी वाट बघत नाही तीच दुसऱ्याच्या घरी तीन दिवस राहू शकते, हे भावकीच्या हळूहळू लक्षात आलं, आणि नियम बाजूला ठेवण्यात आला.

बायनाबाईने ह्या कामाला पद्धत लावली. घरात शिरल्या शिरल्या ती तीन गोष्टी हुडकायची: पाणी कुठं, बाहेर जायची जागा कुठं, आणि मीठ कुठं. पहिल्या दोन दिसतात. मीठ दिसत नाही. एकेका घराची एकेक तऱ्हा. कुणी कोनाड्यात ठेवतं, कुणी उतरंडीमागं, कुणी सासूच्या खाटेखाली. नव्या नवरीला पहिल्याच दिवशी चुलीपुढं बसवतात आणि मीठ कुठं आहे ते कोणी सांगत नाही. तिने विचारलं तर हसतात, आणि न विचारता कालवण अळणी झालं तर जास्तच हसतात. बायनाबाई दिवस मावळायच्या आत नवरीच्या कानात सांगायची, "कोनाड्यात. बरणीमागं." पोरीच्या चेहऱ्यावरचं अर्धं ओझं तिथंच उतरायचं.

आणि निघायच्या दिवशी, गोठ्यात किंवा आडावर, जिथं कोणी नसेल तिथं, ती एकच प्रश्न विचारायची. "यायचं का ऱ्हायचं?"

माहेरपणाला तर सगळ्याच येतात. प्रश्न त्याबद्दलचा नसायचा, आणि पोरीला ते बराबर कळायचं. सगळ्याच पोरी म्हणायच्या, "ऱ्हायचं." बायनाबाई तो शब्द ऐकतच नसे. त्याच्या आधी पोरगी किती थांबली तेवढं ती ऐकायची. एकेचाळीस पोरींपैकी तिघी जास्त थांबल्या. त्या तिघींना घेऊन आल्यावर तिने अंगणात उभं राहून सांगितलं, "पोरगी माघारी जाणार न्हाई." आणि ज्या भावकीत बांधावरच्या बाभळीवरून सात वर्षं भांडण चालतं, त्या भावकीने तिन्ही वेळा एका शब्दाने वाद घातला नाही.

अंजू बेचाळिसावी. आणि ती घरातली. तिला बायनाबाईनेच शेळीचं दूध पाजून वाढवलं होतं.

नवरा मुलगा कोण, कुठला, काय कमावतो हे सगळं सुग्रीवने बघितलं. बायनाबाईने एकच विचारलं, "हसनाबादचा तर न्हाई?" नव्हता. बिभीषण त्याचं नाव, भोकरदनच्या अलीकडचा, आयटीआय झालेला, आईबाप नसलेला, फरीदाबादला एका कारखान्यात लागलेला. त्याला आठच दिवसांची सुट्टी मिळाली होती. लग्न, हळद आणि देवदेव ह्यात सहा दिवस जाणार. मग नवरीला घेऊन थेट फरीदाबाद. जालन्याहून दुपारी सुटणाऱ्या दिल्लीकडच्या गाडीत त्याने स्लीपरची दोन तिकिटं मोबाइलवरून काढली आणि तिकिटाचा फोटो सुग्रीवला पाठवला. सुग्रीवने तो घरात सगळ्यांना दाखवला. रायभानने लांब धरून पाहिला.

"ह्यात दोनच नावं दिसून राह्यली," रायभान म्हणाला. "बायना कुठंय?"

सुग्रीवने डोकं खाजवलं. "आत्याला मागून पाठवू न मंग. दिवाळीला."

बायनाबाई शेळीची धार काढत होती. धार थांबली.

"मागून न्हाई," रायभान म्हणाला. म्हातारा सहसा आवाज चढवत नाही. "मागून बिलकुल न्हाई. जा अन् नाव चढवून आण."

'मागून पाठवू' हे ह्या घरात आधी एकदा म्हणून झालं होतं. बायनाबाई तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि हसनाबादचं वऱ्हाड ट्रक घेऊन आलं होतं. ट्रकात भांडी चढली, पलंग चढला, बाया चढल्या, आणि शेवटी पाठराखिणीला जागा उरली नाही. लिंबाजी म्हणाला, "मागून पाठवू." पाठराखिणीला पोचवायचं रायभानकडे होतं. तो मेंढरं घेऊन गेला, मग पाऊसकाळ आला, मग राहून गेलं. अकरा महिने. त्या घरात मीठ कुठं ठेवतात हे तिला पाचव्या दिवशी कळलं, तोवर तिला चिडवायचं नाव पडलं होतं. यायचं का राहायचं हे तिला कोणी विचारलं नाही. मग एका सकाळी तिने स्वतःलाच विचारलं, आणि हसनाबादहून चालत निघाली. रात्री कुठल्याशा गावच्या देवळात टेकली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली. रायभान अंगणात होता. त्याने तिला पाणी दिलं. त्यानंतर ह्या विषयावर दोघं भावंडं बोलली नाहीत. सत्तेचाळीस वर्षं झाली.

तर सुग्रीव नाव चढवायला गेला. आधी टेंभुर्णीला, बद्रीनाथच्या ऑनलाइन सेवा केंद्रात.

"चढत न्हाई, काका," बद्रीनाथ म्हणाला.

"रेशनकार्डात सून चढती. सातबाऱ्यात वारस चढतो. इथंच काऊन चढत न्हाई?"

"हे दोघांचं काढलेलं हाय. एकदा निघालं की त्यात तिसरं माणूस घुसत न्हाई."

"आमच्यात तिसरं माणूस असतंच. पाठराखीण हाय ती."

बद्रीनाथच्या मागे पीकविम्याची रांग उभी होती. तो म्हणाला, "मंग तसं रेल्वेला लेखी द्या."

तो आपला कटवायला म्हणाला. पण सरकारी खिडकीवर लेखी दिल्याने कामं होतात हे सुग्रीवने आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी तो दाखला, दोन आधारकार्डं आणि लग्नाची पत्रिका घेऊन जालन्याच्या आरक्षणाच्या खिडकीवर उभा राहिला. बरोबर बायनाबाई, कारण जिचं नाव चढवायचं ते माणूस समक्ष लागतं, असा त्याचा अनुभव होता.

खिडकीतल्या बाबूने दाखला पूर्ण वाचला. अपंगांचे, कॅन्सरवाल्यांचे, सैनिकांचे असे सगळे दाखले त्याने पाहिले असतील. ग्रामपंचायतीची रेल्वेला हरकत नाही हे तो पहिल्यांदाच वाचत होता. त्याने तो दोन्ही हातांनी परत दिला.

"मोबाइलवर काढलेल्या तिकिटाला खिडकीवर हात लावता येत नाही, दादा. नवीन काढा. कुठपर्यंत?"

"फरीदाबाद."

बाबूने बटणं दाबली. "वेटिंग आहे. लांबलचक. मधलं कुठलं चालेल?"

सुग्रीवने आत्याकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी बिभीषणचा फोन आला होता आणि सुग्रीवने स्पीकर लावला होता. 'खोली दहा बाय दहाची हाय, मामा. आजींना न्हाई म्हणत न्हाई मी. पण झोपतील कुठं?' बायनाबाईने ते ऐकलं होतं. पोरगं खोटं बोलत नाही एवढं तिला त्यातून कळलं, आणि उंबऱ्यात झोपीन असं म्हणायचं तिने राहू दिलं.

ती खिडकीशी वाकली. "बाबा, मराठी कुठवर चालती?"

"म्हणजे?"

"गाडीत. कुठवर मराठीत इचारलं तर सांगत्यात?"

बाबूने खरंच विचार केला. "भुसावळ धरा."

"तिथवर दे मंग."

भुसावळला सोय होती. छकुली तिथं होती. त्या तिघींपैकी मधली. माघारी आल्यावर चार वर्षांनी रेल्वेतल्या एका गँगमनशी तिचा पाट लागला. दुसऱ्या लग्नाला पाठराखीण जात नाही, त्यामुळे ते घर बायनाबाईने पाहिलं नव्हतं. छकुली स्टेशनवर येईल, रात्री ठेवून घेईल, सकाळी जालन्याच्या एसटीत बसवून देईल, असं ठरलं.

तिकीट निघालं. एस-दोन, सतरा नंबर, खालची सीट. अंजू आणि बिभीषण एस-आठमधे.

"सहा डबे चालावं लागेल, आजी," बाबू म्हणाला.

"चालीन," बायनाबाई म्हणाली. चालण्याबाबत तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

गाडी जालन्याला आली तेव्हा ऊन फलाटावर पसरलेलं होतं. सुग्रीव रडला, अंजू रडली, रायभान आलाच नव्हता. बायनाबाई एस-दोनमधे चढली, सतरा नंबर शोधून त्यावर पिशवी ठेवली आणि पिशवीवर घडी करून चादर. एसटीत सीटवर पिशवी ठेवली की तिथं माणूस आहे असं धरतात. मग ती निघाली.

दोन डब्यांच्या मधली लोखंडी पत्र्याची जागा पायाखाली हलते आणि खालून गरम वारा येतो. बायनाबाईने पहिल्या ठिकाणी देवाचं नाव घेतलं, दुसऱ्या ठिकाणी नुसता हात धरला, आणि पाचव्या ठिकाणी दारात अडून बसलेल्या दोन पोरांना म्हणाली, "उठा रे, रस्ता काय बापाचा हाय का?" एस-आठमधे पोचेपर्यंत तिचा पदर तीन वेळा अडकला होता.

अंजू खिडकीशी होती. हातभर हिरवा चुडा, मेंदी अजून काळी, मांडीवर मोबाइल. बिभीषण समोर बसला होता. बायनाबाई दिसताच त्याने कानातली वायर काढली आणि उठून जागा दिली. बायनाबाईने ते मनाशी धरलं. बसल्या बसल्या ती बघू लागली. बघायला घर नव्हतं. दोन बाकडी, एक पंखा, समोर नांदेडचं एक कुटुंब डब्यातून पुऱ्या खात होतं. पण तिच्याकडे सहा तास होते आणि ह्यापेक्षा कमी सामानात तिने काम केलेलं होतं.

पाणी: बिभीषणने खिडकीच्या कोपऱ्यात दोन बाटल्या ठेवल्या होत्या. अंजूने हात केला की तो बाटली उघडून देत होता.

बाहेर जायची जागा: अंजू उठली तेव्हा तो सहज म्हणाला, "उजव्या हाताच्या संडासात जा. डाव्याची कडी लागत न्हाई, मी बघून आलो."

बायनाबाई तोंड उघडून तशीच राहिली. हेच वाक्य सांगायला ती सहा डबे चालून आली होती.

छत्रपती संभाजीनगर गेलं. बिभीषण वरच्या बाकावर जाऊन आडवा झाला, तशी बायनाबाई अंजूच्या जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "हे बघ. गेल्या गेल्या आधी मीठ कुठं ठेवतो ते बघून ठेव. लाजायचं न्हाई."

"गॅसखाली हाय," अंजू म्हणाली. "निळ्या डब्यात. शेजारी हळद. निळ्या डब्याचं झाकण ढिलं हाय, धरून उघडावं लागतं."

"तुला काय माहीत?"

"व्हिडिओवर दावलं न त्यानं. समदी खोली दावली, दोन-तीनदा. फळी कुठं ठोकू म्हणून मलाच इचारलं. हे बघ." तिने मोबाइल पुढं केला. पिवळ्या भिंतीवर नवी फळी, फळीवर निळा डबा. चित्र हलत होतं आणि त्यातून बिभीषणचा आवाज येत होता: इथं ठेवू का अजून खाली? तुझा हात पुरेल का?

बायनाबाईने ते शेवटपर्यंत पाहिलं. चांगली फळी होती. सरळ ठोकलेली.

"चांगलं हाय," ती म्हणाली. मग बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत राहिली. एकेचाळीस घरांत तिने मीठ हुडकलं होतं. ह्या एका घरातलं मीठ अंजूला तिकीट काढायच्या आधीच सापडून बसलं होतं आणि सापडवून देणारा वरच्या बाकावर घोरत होता.

"आजी, बोल न काई," अंजू म्हणाली.

"काय बोलू? तू तर समदं पाठ करून आलीस."

"रागावली का?"

"मला कशाला राग? माझं काम हलकं झालं." ती हे म्हणाली आणि मग पिशवीतून गूळपापडी काढायला वाकली, तर पिशवी नव्हती. ती एस-दोनमधे होती, सतरा नंबरवर, तिच्या जागी बसलेली.

तेवढ्यात टीटी आला. त्याने हातातल्या यंत्रात पाहिलं, मग बायनाबाईच्या तिकिटाकडे.

"तुम्ही एस-दोनच्या आहात, मावशी. इथं काय करता?"

"बसले."

"तुमची जागा गेली. दोनदा येऊन बघितलं, माणूस नाही. नियमाने दुसऱ्याला दिली मी."

"पिशवी व्हती न तिथं?"

"पिशवीचं तिकीट नसतं, मावशी."

"गेली तर जाऊ दे बाबा. मी काय सीटसाठी आले व्हय?"

 टीटीच्या यंत्रात बायनाबाईच्या नावापुढे ती गाडीत आलीच नाही अशी नोंद झालेली होती, आणि ती समोर बसून त्याला जागा करून देत होती. तो म्हणाला, "बसा मग इथंच," आणि पुढं गेला.

ती तरीही दाखला काढून हातात धरून बसली होती. कमरेच्या बटव्यातून. त्याने तो पाहिला नाही. तिने घडी करून परत ठेवला.

मनमाडला बिभीषण उठला, बायनाबाईच्या पिशवीचं ऐकून फलाटावर उतरला आणि पुढच्या डब्यांकडे पळाला. गाडीने शिट्टी दिली तरी तो आला नाही. अंजू खिडकीला तोंड लावून बघत होती आणि तिच्या बांगड्या खिडकीच्या गजावर वाजत होत्या. बायनाबाई फलाटाकडे बघत नव्हती, अंजूकडे बघत होती. गाडी हलली. दोन मिनिटांनी तो डब्यांमधून चालत आला: एका हातात पिशवी, चादर खांद्यावर, दुसऱ्या हातात एकात एक घातलेले चहाचे तीन कप, त्यातला निम्मा चहा बाहीवर.

"कुठं मेले होते?" अंजू म्हणाली. रडवेल्या आवाजात आणि जाम रागाने. लग्नाला दोन दिवस झालेल्या बायकोने हे गाडीभर लोकांत म्हणू नये, पण म्हणाली. आणि तो हसला. बायनाबाईने तेही मनाशी धरलं.

"आजी, तुमच्या जागी एकजण उताणा झोपलाय," तो पिशवी देत म्हणाला. "आणि टीटीला बोललो मी. जागा सुटली तर पुढं दिल्लीपर्यंत वाढवून देतो म्हणाला. चला न फरीदाबादला. चार दिवस मी मित्राकडं झोपतो. तुम्ही दोघी ऱ्हावा खोलीत."

तो मनापासून म्हणत होता. बायनाबाईला ते दिसलं. ती त्याच्याकडे न बघता अंजूकडे बघत होती.

"हाव, चल न आजी," अंजू म्हणाली.

पण थांबून म्हणाली. फार नाही, अर्धा श्वास. नांदेडच्या कुटुंबाला ते कळलं नाही, बिभीषणला कळलं नाही, आणि बहुधा अंजूलाही कळलं नाही. चाळीस वर्षं बायनाबाई दुसऱ्यांच्या घरांत उभी राहून हा थांबा ऐकत आली होती. तो नेहमी घराबद्दल असायचा, सासूबद्दल, नवऱ्याबद्दल. ह्या वेळी तो तिच्याबद्दल होता.

"नको बाबा," ती म्हणाली. "शेळ्या कोण बघील?"

शेळ्या रायभान बघत होता. हे तिघांनाही माहीत होतं.  बिभीषणने कप वाटले आणि बायनाबाईने निम्मा उरलेला चहा फुंकून फुंकून प्याला, बराच वेळ पुरवून.

जळगाव गेलं तेव्हा उजेड उतरला होता. भुसावळ जवळ आलं तशी बिभीषणने पिशवी उचलली आणि दाराशी जाऊन उभा राहिला. बायनाबाई उठली. चादर काखेत घेतली. आडोसा नव्हता, गोठा नव्हता, आड नव्हता; समोर पुऱ्या संपवलेलं नांदेड बसलेलं होतं. तिने अंजूच्या हनुवटीला हात लावला.

"यायचं का ऱ्हायचं?"

"ऱ्हायचं."

शब्दाच्या आधी काहीच नव्हतं. डोळ्यांत पाणी होतं, पण थांबा नव्हता.

"बरं," बायनाबाई म्हणाली.

"आजी, पण तू एकटी कशी जाशील गं?"

"मला काय झालंय जायला? रस्ता हाय न?"

फलाटावर बिभीषणने तिच्या पायांना हात लावला आणि गाडी सुटायच्या भीतीने लगेच वर पळाला. अंजू खिडकीच्या गजांतून हात काढून काहीतरी सांगत होती. शेजारून भेळवाला ओरडत गेला आणि ते ऐकू आलं नाही. मग गाडी गेली. बायनाबाईने डबे मोजले नाहीत. एस-आठ जाईपर्यंत बघितलं, आणि त्यानंतर उरलेली गाडीही बघितली.

छकुलीला यायला अर्धा तास उशीर झाला. बायनाबाई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पिशवी शेजारी ठेवायला जागा होती, पण ठेवली नाही.

"मावशी!" छकुली धापा टाकत आली. "लेकराचं जेवण, ह्याची ड्यूटी... कवाची बसलीस?"

"आत्ताच."

छकुलीचं घर रेल्वेच्या लायनीत होतं, दोन खोल्यांचं, स्वच्छ. बायनाबाई आत गेल्यावर दारात उभी राहून नजर फिरवू लागली. छकुलीला हसू आलं. "हुडकू नको," ती म्हणाली. "मीठ त्या खिडकीत. पहिले आठ दिवस मलाच सापडत नव्हतं. कोणाला इचारावं म्हणलं तर इथं माझं कोण?" आणि मग ती हसायची थांबली, आणि दोघी मिळून भाकरी करायला लागल्या.

सकाळी एसटी स्टँडवर छकुली म्हणाली, "मी येते जालन्यापर्यंत. संध्याकाळी माघारी येईन."

"कशाला?"

"सोबत म्हणून."

"अन् मंग तुझ्या सोबतीला माघारी मी येऊ का?" बायनाबाई म्हणाली. "मी काय नवी नवरी हाय, मला पाठराखीण लागायला? जा जल्दी, लेकराची शाळा असंल."

गाडी निम्मी रिकामी होती. तिने खिडकीची जागा घेतली आणि पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली. कंडक्टर आला तेव्हा त्याने पिशवीकडे बघून विचारलं, "दोन का?"

"एक," बायनाबाई म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घेतली.

दाखला आता अंजूच्या लग्नाच्या कागदांत आहे, पत्रिकेच्या आणि मंगल कार्यालयाच्या पावतीच्या मधे. सुग्रीव तो जपून ठेवतो. सरकारी कागद कधी कामाला येईल सांगता येत नाही. सदर महिला आजतागायत एकट्याने कोठेही गेलेल्या अगर आलेल्या नाहीत, असं त्यात शिक्क्यानिशी लिहिलेलं आहे.

भुसावळहून बायनाबाई एकटीच आली. हसनाबादनंतर ही दुसरी वेळ.